उशिरा येतंय

सकाळी आमचा जुना ट्रक सुरू केला तेव्हा माझं सगळं लक्ष ऑइल प्रेशरच्या काट्याकडे होतं. आदल्या संध्याकाळी इंजिन ऑइल बदललं होतं, नेहमीपेक्षा घट्ट, २०डब्ल्यू-५०. हवेत चांगलाच गारठा होता. सेल्फ मारला, इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. प्रेशरचा काटा थोडा वेळ शून्यावर पडून राहिला, आणि मग जो उठला तो थेट पलीकडच्या रेघेपर्यंत गेला. कित्येक महिन्यांत तो तिथवर पोहोचला नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की मी बाबांकडे वळून हातानेच खूण केली, बघा म्हणून. बाबा काट्याकडे बघतच नव्हते. केबिनमधलं इंजिनावरचं झाकण उघडं होतं. त्यांनी एक तळवा इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरवर सपाट टेकवला होता आणि डोळे मिटून घेतले होते. नाडी बघताना वैद्याचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. थोड्या वेळाने त्यांनी हात उचलला, फडक्याला पुसला आणि म्हणाले, "उशिरा येतंय."

एवढंच म्हणून ते खाली उतरले.

काय उशिरा येतंय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. बाबांना काही विचारायचं म्हणजे आता कानाशी जाऊन मोठ्याने विचारावं लागतं, आणि कुठलाही प्रश्न ओरडून विचारला की तो भांडणासारखा वाटतो. शिवाय खरं सांगायचं तर मला त्या क्षणी ऐकायचंच नव्हतं. काटा वर गेला होता. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. पण ते दोन शब्द दिवसभर डोक्यातून जाईनात. ज्या माणसाला शेजारी चालू असलेलं इंजिन धड ऐकू येत नाही, त्याला हातानं काय कळलं असेल, आणि दोन्ही कान शाबूत असून मला काय ऐकू आलं नसेल?

काट्याचं दुखणं उन्हाळ्यापासूनचं. थंड इंजिनाला प्रेशर ठीक असायचं, पण भर लोड घेऊन लांबचा पल्ला मारून आलो आणि गाडी आयडलवर आली, की काटा हळूहळू खाली घसरत पहिल्या रेघेच्याही खाली जायचा. दिवा लागायचा नाही, पण आता लागतो की मग लागतो असं वाटत राहायचं. ज्याला त्याला विचारत सुटलो. सगळ्यांचं उत्तर एकच. जुनं इंजिन आहे ना, मग घट्ट ऑइल टाक. त्यामागचा हिशेबही पटण्यासारखा होता. वर्षानुवर्षं फिरून बेअरिंग झिजतात, क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा आणि बेअरिंग यांमधली फट वाढते, त्या वाढलेल्या फटीतून पातळ ऑइल भराभर निसटतं आणि प्रेशर पडतं. घट्ट ऑइल निसटत नाही, काटा वर राहतो. हे खोटं नाही. खरोखर झिजलेल्या, खरोखर तापणाऱ्या इंजिनाला एक पायरी घट्ट ऑइल दिलं तर त्याचे चार दिवस बरे जातात हे मीही पाहिलंय. पण प्रेशर का पडलं हे न विचारता ते वर कसं न्यायचं एवढंच मी विचारत होतो. आणि मला एका गोष्टीचा उगाच अभिमानही होता. इतकी जुनी गाडी, पण ऑइल खात नाही. दर आठवड्याला ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी काढून बघायचो, पातळी जिथल्या तिथे. महिनोन्महिने वरून पावशेरही घालावं लागलं नव्हतं.

बाबांचा इंजिनाच्या बाजूचा कान आधी गेला. जुन्या ट्रकमध्ये इंजिन केबिनच्या आतच असतं, ड्रायव्हरच्या मांडीला लागून, वर एक पत्र्याचं झाकण आणि त्यावर जाडसर गादी. उन्हाळ्यात मांडी भाजायची आणि थंडीत तीच ऊब हवीहवीशी वाटायची. त्या झाकणाच्या शेजारी बाबांनी आयुष्य काढलं. लहानपणी मी त्या गादीवर झोपायचो. गाल टेकवला की टॅपेटची टकटक गालातून दातांपर्यंत यायची. झोप लागायची ती त्याच्यावरच. मला वाटतं, बाबांना इंजिन कळायचं ते कधीच नुसत्या कानांनी कळत नव्हतं. क्लच दाबणाऱ्या तळपायातून, गिअरच्या दांड्यातून, मांडीच्या उष्णतेतून ते त्यांच्यापर्यंत पोहोचायचं. कान गेल्यावर एवढंच झालं, की बाकीच्या वाटा उघड्या राहिल्या आणि ते त्यांच्यावरच विसंबायला लागले. माझ्या बाबतीत उलटं झालंय. मी काट्यावर विसंबलो. काच, काटा आणि चार रेघा. त्याच्या पलीकडे बघायची गरज वाटली नाही.

पट्टी बघायला मला त्यांनीच शिकवलं होतं. गाडी उभी करून लगेच बघायची नाही, वरचं ऑइल खाली चेंबरमध्ये, इंजिनाच्या तळाशी ते साठतं तिथे, उतरू द्यायचं. सपाट जागा हवी. पट्टी एकदा काढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग काढून बघायची. पहिल्यांदा बाहेर येते तेव्हा तिच्यावर उडालेले शिंतोडे असतात, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. मग ते पट्टीच्या टोकाशी जमलेला थेंब बघायचे. तो किती वेळात सुटतो, सुटताना मागे तार ओढतो का, ते बघायचे. बोटाच्या चिमटीत घेऊन चोळायचे, नाकाशी न्यायचे. मी मागितलं तर माझ्याही बोटाला लावायचे. काळंभोर, कोमट, गुळगुळीत. "काळं झालं म्हणजे खराब झालं का?" असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "काळं होत नसेल तर घाबरायचं." डिझेलच्या ज्वलनातून काजळी होणारच, आणि ती इंजिनाच्या भिंतींना न चिकटता ऑइलमध्ये तरंगत राहावी म्हणून तर ऑइलमध्ये द्रव्यं घातलेली असतात. स्वच्छ दिसणारं जुनं ऑइल म्हणजे घाण इंजिनातच बसलीय. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं, पण ते वाक्य तेव्हापासून लक्षात आहे.

आणि त्यांची वही. तिला आम्ही गाडीची वही म्हणायचो. डाव्या पानावर तारीख, किलोमीटर, काय काम केलं ते. उजव्या पानावर टीपकागदाचा एक चौकोन चिकटवलेला आणि त्यावर मधोमध एक डाग. दर वेळी ऑइल बदलताना जुन्या ऑइलचा एक थेंब पट्टीच्या टोकाने ते टीपकागदावर सोडायचे आणि तो कागद रात्रभर आडवा ठेवून द्यायचे. सकाळी तो थेंब पसरून मोठा गोल झालेला असायचा. मधे काळा, मग राखाडी, मग पिवळसर तेलकट, कडेला जवळजवळ पारदर्शक. लहानपणी मला ती ग्रहणाची चित्रं वाटायची. शाळेतल्या एका मित्राला मी तसं सांगितलंही होतं, की माझे बाबा प्रत्येक ग्रहणाचं चित्र काढून ठेवतात.

त्या दिवशी संध्याकाळी वही काढण्याआधी मी बाकीचं सगळं वाचत बसलो. प्रेशर म्हणजे नेमकं काय, हाच प्रश्न मला कधी पडला नव्हता हे लक्षात आलं. आणि वाचता वाचता एक गोष्ट सापडली, जी मला फार आवडली. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा एक इंजिनिअर रेल्वेच्या आसांचे बेअरिंग तपासत होता. १८८३ साली त्याने आपला अहवाल मांडला. फिरणाऱ्या आसावर वरून बेअरिंग टेकलेलं, आणि आस खालून तेलाच्या भांड्यात बुडलेला. बेअरिंगच्या माथ्यावर, तेल घालण्यासाठी म्हणून, त्याने एक भोक पाडलं होतं. आस फिरू लागला आणि त्या भोकातून तेल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. त्याने बूच लावलं, बूच उडालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी तिथे गेज बसवलं, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे निघून गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार होता साधारण त्याच्या निम्मा. तिथे कुठलाही पंप नव्हता. फिरणारा आस स्वतःच तेलाला त्या निमुळत्या फटीत ओढत होता, आणि ओढलेलं तेल बेअरिंगला उचलून धरत होतं. पुढे १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. लोखंडाला लोखंड लागतच नाही. मधे तेलाचा एक थर असतो, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ, आणि सगळा भार त्या थरावर तरंगत असतो.

मी ते दोनदा वाचलं. टन दोन टन लोखंड, वर लादलेला माल, चढाला लागलेलं इंजिन, प्रत्येक स्फोटाचा पिस्टनवर बसणारा दणका, आणि हे सगळं पेलणारी गोष्ट म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही असा तेलाचा एक पडदा. तो पडदा पंप तयार करत नाही. पंप फक्त दारापर्यंत तेल आणून देतो. समोरच्या गेजवर दिसतं ते या दारातलं प्रेशर. आत, क्रँक आणि बेअरिंगच्या मधे जे घडतं तिथे कुठलाही काटा पोहोचत नाही, आणि तिथला दाब आपल्या गेजवरच्या आकड्याच्या कित्येक पट असतो. आणखी एक गोष्ट तर मला आधीच कळायला हवी होती, कारण घरात पाण्याचा नळ मीही वापरतो. नळाचं तोंड अंगठ्याने दाबलं की दाब वाढतो, पाणी कमी येतं. काटा वर गेला म्हणजे तेल जास्त वाहतंय असं मुळीच नाही. घट्ट तेलाला नळ्यांमधून ढकलायला पंपाला जोर लावावा लागतो, तो जोर काट्यावर दिसतो. जोर फारच वाढला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल परत चेंबरमध्ये सोडून देतो. म्हणजे त्या गारठ्यातल्या सकाळी, काटा पलीकडच्या रेघेवर टेकलेला पाहून मी खूश होत होतो तेव्हा, वर चढायला निघालेलं बरंचसं ऑइल अर्ध्या वाटेवरून माघारी येत होतं.

इंजिनात ऑइल सगळ्यात शेवटी पोहोचतं ते व्हॉल्व्ह हलवणाऱ्या रॉकर शाफ्टवर, अगदी माथ्याला. वरच्या मजल्यावर पाणी उशिरा चढतं तसं. ते तिथे पोहोचेपर्यंत टॅपेटची टकटक कोरडी आणि कडक असते, आणि पोहोचलं की एकदम मऊ होते. बाबांचा तळवा नेमका तिथेच होता.

ग्रेडच्या आकड्यांबद्दलही मी इतकी वर्षं अर्धवटच समजून चाललो होतो. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. १५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज हलेल ते सांगतो, दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहील ते. पुष्कळांना वाटतं, आणि मलाही वाटायचं, की हे ऑइल थंडीत पातळ असतं आणि तापलं की घट्ट होतं. तसं जगातलं कुठलंच ऑइल वागत नाही. थंडीत ते घट्टच असतं, तापल्यावर पातळच होतं. मल्टिग्रेडमध्ये फक्त त्या पातळ होण्याला लगाम असतो. त्यात लांबलचक साखळ्यांचे रेणू घातलेले असतात. थंडीत ते अंग चोरून गोळा होऊन बसतात आणि तेलाच्या वाटेत येत नाहीत, उष्णतेत उलगडतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. गिअरच्या दातांत, पिस्टनच्या रिंगांच्या कडांवर भरडून भरडून या साखळ्या हळूहळू तुटतात, म्हणून जुनं झालेलं ४० चं ऑइल ४० चं उरत नाही. मग मी दोन ऑइलांचे आकडे शेजारी मांडले. १०० अंशांना १५डब्ल्यू-४० साधारण १४-१५ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक), २०डब्ल्यू-५० साधारण १८-१९. फरक आहे, पण फार मोठा नाही. ४० अंशांना मात्र पहिलं ११० च्या आसपास आणि दुसरं १६० च्या वर. आणि पहाटेचं गारठलेलं इंजिन ४० अंशांच्याही कितीतरी खाली असतं. जितकं गार, तितकी दोघांमधली तफावत मोठी. तापलेल्या इंजिनाचा काटा थोडा वर राहावा म्हणून मी रोज सकाळचे ते पहिले काही क्षण पणाला लावले होते.

गाडीची मूळ पुस्तिका काढली. पानं तेलाने पारदर्शक झालेली. तिच्यात हवेच्या तापमानाप्रमाणे ऑइलचा तक्ता होता. कडक थंडीला २०, मध्यम हवेला ३०, कडक उन्हाळ्याला ४०. सगळे सिंगल ग्रेड. बाबा ऋतू बदलला की ऑइल बदलायचे ते यासाठी. पुस्तिकेत ऑइलचा दर्जा सीडी लिहिलेला, अमेरिकेतल्या एपीआय या संस्थेने ठरवलेला. तो दर्जा १९५५ चा, केव्हाच मोडीत निघाला. त्यानंतर कितीतरी आले. १९९८ चा सीएच-४, २००२ चा सीआय-४, २००६ चा सीजे-४, २०१६ च्या अखेरीस सीके-४. यातला सी डिझेल इंजिनांचा, एस पेट्रोलचा. नुसतं एस लिहिलेलं ऑइल डिझेलच्या काजळीसाठी बनवलेलंच नसतं, तिकडे जायचंच नाही. सीजे-४ पासून ऑइलमधल्या राखेवर मर्यादा आली, कारण नव्या गाड्यांच्या धुराड्यात फिल्टर असतात आणि राखेने ते बुजतात. आमच्या गाडीला तसलं काही नाही, त्यामुळे तिला सीआय-४ उत्तम चालतं, सीके-४ घातलं तरी बिघडत नाही. घालायचं नाही ते एफए-४. ते मुद्दाम पातळ केलेलं, इंधन वाचवणाऱ्या नव्या इंजिनांसाठीचं. नवीन म्हणजे चांगलं एवढं एकच गणित मनात धरून जुन्या इंजिनात ते ओतणारे आहेत, म्हणून सांगितलं. बाकी मिनरल की सिंथेटिक यावर लोक तासन् तास भांडतात. मला त्यात फार रस नाही. योग्य ग्रेडचं, योग्य दर्जाचं मिनरल ऑइल वेळच्या वेळी बदललं तर या इंजिनाची काही तक्रार नसते.

इतकं सगळं वाचून झालं तरी मूळ प्रश्न तसाच होता. घट्ट ऑइल चूक ठरलं, ठीक. पण मग काटा पडला कशामुळे?

काढलेलं जुनं ऑइल अजून डब्यातच होतं. रात्री मी वहीतला कोरा टीपकागद घेतला, एक थेंब सोडला आणि कागद खिडकीपाशी आडवा ठेवला. सकाळी उठून पहिल्यांदा तो बघितला. मधला गोल काळा, पण कडा विरघळत गेलेल्या, म्हणजे काजळी धरून ठेवायची ऑइलची ताकद शाबूत होती. मधेच घट्ट काळा ठिपका बसून बाहेर काहीच पसरलं नसतं तर ती ताकद संपली असं समजायचं. त्याच्या बाहेर राखाडी पट्टा. आणि त्याही बाहेर, कागद उजेडाकडे धरला तेव्हाच दिसणारं, एक फिकट पिवळं कडं, आतल्या गोलापासून सुटून लांब गेलेलं. मी वहीची जुनी पानं उलटत गेलो. ग्रहणामागून ग्रहण. बहुतेकांना तसं बाहेरचं कडं नव्हतं. खाली बाबांच्या अक्षरात एकेक शब्द. बरं. बरं. काजळी जास्त, फिल्टर साफ. बरं. आणि मग एका पानावर अगदी तसंच, सुटून लांब गेलेलं कडं, आणि खाली एकच शब्द, डिझेल. त्याच्या डाव्या पानावर, नोझल बदललं, चार नंबर. नोझल म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारं तोंड.

वही उघडी तशीच बाबांपुढे नेली आणि माझा कागद त्या पानाशेजारी ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोन्हींकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "डबा आण." डब्याचं झाकण उघडून त्यांनी माझ्या नाकाखाली धरलं. "वास घे." ऑइलच्या जड, जळकट वासाच्या वरच्या अंगाला एक पातळ, टोचणारा वास होता. तो पट्टीवर आजवर कितीदा येऊन गेला असेल. मी पट्टीवर पातळी बघायचो. वास कधी घेतला नव्हता. बाबांनी विचारलं, "किती निघालं?" मी सांगितलं, जितकं घातलं होतं तितकंच. ते काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतक्या किलोमीटरनंतर, या वयाच्या इंजिनातून, घातलं तितकंच ऑइल परत निघत नसतं. थोडं जळतंच. जितकं ऑइल जळत होतं तितकंच डिझेल वरून गळून पातळी भरून काढत होतं, आणि मी पट्टी पुसून पुसून त्या पातळीचा अभिमान बाळगत होतो. शंभरात पाच भाग डिझेल मिसळलं तरी ४० चं ऑइल जवळपास ३० च्या घरात येतं. काटा त्यामुळे पडत होता.

उन्हाळ्यापासून, कदाचित त्याआधीपासूनच, गाडी मला सांगत होती.

सहाही नोझल काढून तपासायला नेले. नोझलची तपासणी ज्याने पाहिली नसेल त्याने एकदा पाहावी. नोझल टेस्टरला बसवतात, हाताने दांडी खाली दाबतात, दाब २०० बारच्या आसपास गेला की कर्र असा आवाज करत डिझेलचा फवारा सुटतो. फवारा म्हणजे अक्षरशः धुकं, उजेडात थोडा वेळ तरंगत राहणारं. त्याखाली हात घालायचा नाही, ती धार कातडी फोडून आत शिरते. पहिल्या तिघांनी धुकं सोडलं आणि टोक कोरडं ठाक. चौथ्यानेही फवारा सोडला, पण दांडी सोडल्यावर त्याच्या टोकाशी एक थेंब जमला. तो हळूहळू फुगला, लोंबला आणि पडला. मग दुसरा जमायला लागला. सिलेंडरमध्ये हेच चाललं होतं. न जळलेलं डिझेल लायनरवर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर, ओघळायचं, रिंगांपाशी जो ऑइलचा थर असतो तो धुऊन काढायचं आणि खाली चेंबरमध्ये उतरायचं. पुन्हा चार नंबरच. बाबांना मी चार बोटं दाखवली तेव्हा त्यांनी मान डोलावली. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

नवं नोझल बसवलं. मग प्रश्न आला आत असलेल्या घट्ट ऑइलचा. चारच दिवस झाले होते त्याला. काढून टाकायचं जिवावर आलं, हे लपवत नाही. पण त्यातही आता चार दिवसांचं डिझेल होतं, आणि सकाळचा तो कोरडा खडखडाट एकदा कान देऊन ऐकल्यावर मला तो रोज ऐकवेना. गाडी थोडी फिरवून आणली, ऑइल गरम असतानाच काढायचं म्हणून. गरम असलं की घाण तरंगत असते, तिच्यासकट बाहेर येते. ड्रेन प्लगचे शेवटचे आटे हाताने सोडवताना हात झटकन मागे घेता यायला हवा. मनगटाएवढी धार सुटली, मग बोटाएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग थेंब. बाबा शेजारी स्टूल टाकून बसले होते. मी प्लग लावायला पुढे झालो की ते हात आडवा करायचे. शेवटच्या थेंबापर्यंत थांबायचं. लहानपणी याच थांबण्याचा मला किती कंटाळा यायचा. आता दोघंही गप्प बसून थेंब बघत होतो आणि मला घाई नव्हती. प्लगवरच्या चुंबकाला नेहमीचा राखाडी लेप होता, टोचणारा कणही नव्हता. तांबूस चकाकीही कुठे दिसली नाही, म्हणजे बेअरिंग अजून तग धरून होते. नवीन तांब्याचा वॉशर घातला. काढलेलं ऑइल झाकण लावून वेगळं ठेवलं, ते गोळा करणाऱ्याकडे द्यायला. बाबा ते जमिनीवर सांडू देत नाहीत. एका जागी सांडलं की तिथे वर्षभर गवत उगवत नाही, असं ते सांगायचे.

१५डब्ल्यू-४०, सीआय-४, मिनरल. फिल्टर बसवण्याआधी तो नव्या ऑइलने भरून घेतला. पहिल्या सेल्फला रिकामा फिल्टर भरण्यात वेळ जाऊ नये म्हणून. ओतताना ऑइलची धार मधासारखी दिसत होती, उजेड आरपार जाणारी. काही दिवसांत ती काळी होणार हे माहीत असूनही दर वेळी वाटतं, अशीच राहावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा माझ्याआधी गाडीत येऊन बसले होते. झाकण उघडलेलं, तळवा कव्हरवर. मी डिझेल बंद करणारी स्टॉपची तार ओढून धरली आणि सेल्फ मारला. इंजिन पेटू न देता नुसतं फिरवलं, वरपर्यंत ऑइल चढावं म्हणून. हेही त्यांचंच. मधल्या काळात मी ते सोडून दिलं होतं, घाईत. काटा थरथरत उठला तेव्हा तार सोडली. इंजिन लागलं. टकटक दोन-तीन श्वास कडक वाजली आणि मऊ झाली. या खेपेला मलाही ऐकू आली, कारण मी त्याचीच वाट बघत होतो. मग गाडी चांगली तापेपर्यंत आम्ही फिरून आलो आणि आयडलवर उभी केली. काटा पहिल्या रेघेच्या थोडा वर थांबला. घट्ट ऑइलच्या वेळी होता त्यापेक्षा खाली, डिझेल मिसळलेल्यापेक्षा वर. मी त्याच्याकडे बघत बसलो. हलत नव्हता. बाबांना दाखवावं म्हणून वळलो, तर ते पुन्हा डोळे मिटून बसले होते. कव्हर आता बरंच तापलं होतं, त्यांनी खाली फडकं घेतलं होतं, पण हात काढला नव्हता.